अब्रूचा दावा : मुदत कधी संपते?

(पक्षाच्या जिल्हा अभ्यासवर्गात एका वकील कार्यकर्त्याने केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)

संयोजकांनी मला जो विषय दिला आहे तो वरवर पाहता वकिलांच्या कचेरीतला आहे. मुदत कायदा, दाव्याचे कारण, तारखा, वजाबाक्या यांत कार्यकर्त्याला काय गोडी असणार, असे कोणी म्हणेल. पण गेल्या पाच-सात वर्षांत आपल्यापैकी ज्यांच्या हाती वकिलाची नोटीस पडली आहे, त्यांनी हात वर करावेत असे मी म्हटले तर या मांडवात किती हात वर होतील याची मला कल्पना आहे. म्हणून प्रस्तावना न करता एका प्रकरणापासूनच आरंभ करतो. नावे घेणार नाही, कारण प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये आपला एक कार्यकर्ता माझ्याकडे एक जाड पाकीट घेऊन आला. त्याने नोव्हेंबर २०२२ मध्ये आपल्या कामगार संघटनेच्या संकेतस्थळावर एक लेख लिहिला होता. एका साखर कारखान्यातील कामगारांचे थकलेले पगार, कापून घेतलेली पण न भरलेली भविष्यनिर्वाह निधीची रक्कम, आणि त्याच काळात झालेली काही खरेदी, असा त्याचा विषय. आकडे कामगारांनी दिलेले, कागद हाती असलेले. लेख आला, चार दिवस चर्चा झाली, आणि नेहमीप्रमाणे सर्व शांत झाले. जवळजवळ तीन वर्षांनी कारखान्याच्या वतीने नोटीस आली : लेख बदनामीकारक आहे, तो आजही जगभर कोणालाही वाचता येतो, म्हणून बदनामी आजही चालू आहे, सबब पाच कोटी रुपये भरपाई द्या आणि बिनशर्त माफी मागा.

मी त्याला पहिला प्रश्न विचारला तो लेखातील सत्यासत्याचा नव्हता. मी विचारले, "लेख कोणत्या तारखेस प्रसिद्ध झाला?" तो किंचित रागावला. त्याला सत्याविषयी बोलायचे होते, आणि मी पंचांग उघडून बसलो होतो. आपण त्याच्यासारखे रागावू नये म्हणून हा सगळा खटाटोप.

१९६३ च्या मुदत कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले आहे. त्यात कोणत्या तक्रारीसाठी किती काळात न्यायालयात जावे याचा तक्ता आहे. कराराचा भंग झाला तर तीन वर्षे; स्थावर मालमत्तेचा ताबा मालकीहक्काने मागायचा तर बारा वर्षे. आणि पंचाहत्तराव्या अनुच्छेदात लेखी बदनामीच्या भरपाईसाठी एक वर्ष. हे वर्ष कधीपासून मोजायचे? तर निंदालेख प्रसिद्ध होतो तेव्हापासून. तोंडी निंदेचा शहात्तरावा अनुच्छेदही एका वर्षाचाच आहे. बारा वर्षे जमिनीला आणि एक वर्ष अब्रूला, हे प्रमाण पाहून कोणाला हसू येईल. परंतु त्यामागे एक शहाणपणा आहे. ज्याची अब्रू खरोखर दुखावली आहे तो स्वस्थ बसत नाही. तो दुसऱ्या दिवशी खुलासा पाठवतो, महिन्याभरात वकील गाठतो. जो माणूस वर्षभर गप्प राहतो आणि निवडणूक तोंडावर आली की जागा होतो, त्याला अब्रूपेक्षा दुसऱ्या कशाची तरी काळजी असते. शिवाय अशा दाव्यात प्रतिवादीला आपले म्हणणे खरे होते हे सिद्ध करावे लागते. ओझे त्याच्यावर आहे. साक्षीदार गावाला जातात, कामगार दुसरीकडे कामाला लागतात, कागद वाळवी खाते. काळ जितका जाईल तितका लिहिणारा निःशस्त्र होतो.

आणि ही मुदत केवळ प्रतिवादीने आठवण करून द्यावी अशी सवलत नाही. याच कायद्याचे तिसरे कलम सांगते की, मुदतीबाहेरचा दावा न्यायालयाने फेटाळलाच पाहिजे, मग प्रतिवादीने तो मुद्दा काढलेला असो वा नसो. उशीर माफ करण्याची पाचव्या कलमातली तरतूद अपिलांना आणि अर्जांना आहे, मूळ दाव्याला नाही. नोटीस पाठवल्याने मुदत थांबत नाही. नोटिशीला उत्तर न दिल्याने ती वाढत नाही. (करोनाच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या हिशेबातून वगळला होता. त्या आसपासचा लेख असेल तर वजाबाकी करताना हे विसरू नये.)

तेव्हा सगळे घोडे एका शब्दावर येऊन अडते : "प्रसिद्ध होतो". छापील वृत्तपत्राच्या जमान्यात हा शब्द कोणाला छळत नव्हता. अंक निघाला, विकला गेला, आठ दिवसांत रद्दीत गेला, आणि पंधराव्या दिवशी त्यात शेंगदाणे बांधून मिळाले. १८८२ साली टिळक आणि आगरकर कोल्हापूर प्रकरणात चार महिन्यांची शिक्षा घेऊन डोंगरीच्या तुरुंगात गेले. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांची अब्रू गेली ती कोणत्या मजकुराने, कोणत्या अंकाने, याविषयी वाद नव्हता. त्याच्याही आधी, २१ ऑक्टोबर १८६० रोजी करसनदास मुळजी यांनी 'सत्यप्रकाश' पत्रात वैष्णव महाराजांच्या अनाचाराविषयी लेख लिहिला. मुंबईच्या सुप्रीम कोर्टात त्यांच्यावर दावा लागला तो मे १८६१ मध्ये, आणि एप्रिल १८६२ मध्ये निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. भाऊ दाजींसारख्या डॉक्टराने त्या खटल्यात साक्ष दिली. सगळे प्रकरण दीड वर्षात उरकले. आजच्या कोर्टात त्या मुदतीत समन्सची बजावणी झाली तरी आपण पेढे वाटू.

परंतु कायद्याच्या पोटात एक जुने भूत दडून बसले होते. त्याची जन्मकथा सांगण्याजोगी आहे. जर्मनीतील ब्रुन्सविक संस्थानचा ड्यूक चार्ल्स गादीवरून हाकलला गेला होता. लंडनच्या 'वीकली डिस्पॅच' या साप्ताहिकाने १९ सप्टेंबर १८३० च्या अंकात त्याच्यावर टीका केली होती. सतरा वर्षांनी या ड्यूकसाहेबांनी आपला नोकर साप्ताहिकाच्या कचेरीत पाठवला आणि जुन्या अंकाची एक प्रत विकत आणवली. दुसरी प्रत ब्रिटिश म्युझियममध्ये मिळाली. इंग्लंडात त्या वेळी मुदत सहा वर्षांची होती, म्हणजे मूळ प्रसिद्धीचा दावा केव्हाच मेलेला होता. पण ड्यूक म्हणाला, माझ्या नोकराला प्रत दिली ही नवी प्रसिद्धी! आणि १८४९ साली न्यायालयाने ते मान्य केले. ज्याची बदनामी झाली म्हणायची त्याच्याच पैशाने, त्याच्याच नोकराने, त्याच्यासाठीच आणलेली प्रत. आणि तिने सतरा वर्षांचे प्रेत उठून बसले. प्रत्येक प्रत, प्रत्येक वाचन म्हणजे नवी प्रसिद्धी, हा नियम इंग्रजी कायद्यात दीडशेहून अधिक वर्षे टिकला.

कागदाच्या काळात हे भूत फारसे कोणाच्या मानगुटीवर बसले नाही. जुने अंक मागायला येतो कोण? संकेतस्थळे आली आणि प्रत्येक वाचक ड्यूकचा नोकर झाला. लंडनच्या 'टाइम्स'ने सप्टेंबर-ऑक्टोबर १९९९ मध्ये एका व्यापाऱ्याविषयी लेख छापले. छापील लेखांवर त्याने वेळेत दावा लावला. डिसेंबर २००० मध्ये, एक वर्षाची मुदत उलटल्यावर, तेच लेख वृत्तपत्राच्या इंटरनेटवरील संग्रहात वाचायला मिळतात म्हणून दुसरा दावा लावला. २००१ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ड्यूकचाच नियम लावला. प्रकरण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. १० मार्च २००९ च्या निकालात त्या न्यायालयाने वृत्तपत्राचा अर्ज फेटाळला. मात्र कारणे देताना दोन्ही बाजूंना काहीतरी सुनावले. वृत्तपत्राला सांगितले की, लेखावर वाद चालू आहे हे ठाऊक असताना संग्रहातील लेखाच्या माथ्यावर तशी टीप घालणे तुम्हाला जड नव्हते. आणि त्याच वेळी हेही म्हटले की, फार काळ लोटल्यावर लावलेला बदनामीचा दावा हा, अपवादात्मक परिस्थिती सोडल्यास, अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर अवाजवी आघात ठरू शकतो. यातील पहिले वाक्य मला दुसऱ्याइतकेच महत्त्वाचे वाटते. त्याकडे मी परत येणार आहे.

अमेरिकेने ही गाठ पूर्वीच सोडवली होती. तिथल्या न्यायालयांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच एक आवृत्ती म्हणजे एक प्रसिद्धी, एक दावा, एक मुदत, असा नियम घडवला, आणि २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने तो संकेतस्थळाला लावला. इंग्लंडने २०१३ च्या बदनामी कायद्याच्या आठव्या कलमाने ड्यूकच्या भुताला मूठमाती दिली. तो कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. ऑस्ट्रेलियात २००२ साली तिथल्या उच्च न्यायालयाने असे ठरवले होते की, लेख जिथे वाचला जातो तिथे तो प्रसिद्ध होतो. तिथल्या बहुतेक राज्यांनी १ जुलै २०२१ पासून एकाच प्रसिद्धीचा नियम स्वीकारला.

आणि आपल्याकडे? आपल्या संसदेने यावर एक ओळ लिहिलेली नाही. १९६३ चा तक्ता जसाच्या तसा आहे. जे आहे ते न्यायालयाच्या निकालांत. त्यांतला मुख्य निकाल दिल्ली उच्च न्यायालयाचा, नोव्हेंबर २०१३ चा. फेसबुकवरील मजकुराचे प्रकरण होते. वादीचे म्हणणे हेच, की मजकूर काढून टाकलेला नाही, तो रोज दिसतो, म्हणून रोज नवे कारण. मुदत कायद्याच्या बाविसाव्या कलमात चालू राहणाऱ्या अपकृत्याची कल्पना आहे : शेजाऱ्याने तुमच्या वाटेवर भिंत घातली तर ती उभी आहे तोपर्यंत दर क्षणाला नवी मुदत सुरू होते. लेख म्हणजे अशी भिंत आहे काय? न्यायालयाने सांगितले, नाही. दर क्षणाला नवे कारण मानले तर विधिमंडळाने घातलेल्या मुदतीला अर्थच उरणार नाही; मुदत पहिल्या प्रसिद्धीपासून मोजायची. मात्र त्याला एक अपवाद जोडला. वेगळ्या किंवा अधिक मोठ्या वाचकवर्गापर्यंत पोहोचावे या हेतूने तोच मजकूर प्रतिवादीने पुन्हा प्रसिद्ध केला, तर नवे कारण निर्माण होईल.

हा निकाल आपल्या उपयोगाचा आहे, पण तो दिल्लीच्या एका न्यायमूर्तींचा आहे; महाराष्ट्रातील न्यायाधीशाने तो मानावा असा आग्रह धरता येतो, सक्ती करता येत नाही. आणि अपवादाचे दार चांगलेच रुंद आहे. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने असे म्हटले की, जुन्या लेखाकडे नेणारा दुवा नव्या मजकुरात दिला तर काही परिस्थितीत तीही पुनःप्रसिद्धी होऊ शकते.

आता आपल्या कार्यकर्त्याकडे परत येऊ. लेख नोव्हेंबर २०२२ चा, म्हणजे दिवाणी दाव्याची मुदत नोव्हेंबर २०२३ मध्ये सरली. मी निश्चिंत झालो, चहा मागवला. तेव्हा तो हळूच म्हणाला, "वकीलसाहेब, जूनमध्ये मोर्चा झाला ना, तेव्हा मी तो लेख आपल्या सगळ्या गटांवर पुन्हा टाकला होता. वर एक ओळ लिहिली होती : तेव्हाच सांगितले होते, आता तरी वाचा."

चहा कडू लागला. ती एक ओळ म्हणजे अपवादाच्या दारात ठेवलेले पाऊल. आता वाचकवर्ग वेगळा की तोच, हेतू काय, गटांत किती माणसे होती, यावर पुरावा येणार. पुढे दावा दाखल झालाच. मूळ लेखापुरता तो मुदतीबाहेर आहे म्हणून वादपत्र प्रारंभीच फेटाळावे, असा अर्ज आम्ही दिला आहे. पण वादपत्र अर्धे फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगून ठेवले आहे. एक धागा जिवंत राहिला की सारे वस्त्र मागावर राहते. त्या एका ओळीसाठी आता वर्षानुवर्षे तारखा. आणि हे सोसायचे कोणी? महाराष्ट्रात भरपाईची रक्कम शंभर कोटी लिहिली तरी न्यायालय शुल्काला १० लाखांची कमाल मर्यादा आहे. कारखान्याला ती रक्कम म्हणजे एका दिवसाच्या गाळपातली काकवी. आपल्या कार्यकर्त्याला तालुक्याहून जिल्ह्याला यायचे एस.टी.चे भाडे आणि एक दिवसाची मजुरी, दर तारखेला. दावा जिंकणे हा अशा वादींचा उद्देश नसतोच. सर्वोच्च न्यायालयानेही मार्च २०२४ मध्ये एका मोठ्या वृत्तसंस्थेच्या प्रकरणात, धनदांडगे वादी लोकांच्या प्रश्नांवरील लेखन दाबण्यासाठी असे दावे वापरतात याची दखल घेतली आणि लेख मागे घ्यायला लावणारा अंतरिम मनाई हुकूम सहजासहजी देऊ नये असे बजावले.

दिवाणी मुदतीविषयी इतके. फौजदारी बाजू याहून चमत्कारिक आहे. भारतीय दंड संहितेच्या पाचशेव्या कलमात, आणि १ जुलै २०२४ नंतरच्या कृत्यांसाठी भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात, बदनामीला दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची शिक्षा आहे. नव्या संहितेत समाजसेवेचा पर्याय जोडला आहे. एक ते तीन वर्षे शिक्षेच्या गुन्ह्यांना दखल घेण्याची मुदत तीन वर्षांची. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४६८ व्या कलमात होती, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ५१४ व्या कलमात आहे. म्हणजे पैसे मागायचे तर एक वर्ष आणि तुरुंगात पाठवायचे तर तीन वर्षे! शिवाय न्यायहितासाठी ही तीन वर्षेही वाढवण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, जो दिवाणी दाव्यात नाही. सौम्य उपायाची दारे आधी बंद आणि कठोर उपायाची उघडी, असा कायदा इंग्रजांनी केला हे समजण्यासारखे आहे. आपण तो २०२३ मध्ये नव्या नावाने पुन्हा मंजूर केला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी बदनामी घटनेत बसते असा निकाल दिला होता, हे खरे. पण घटनेत बसते म्हणून ती ठेवलीच पाहिजे असे त्या न्यायालयाने संसदेला सांगितलेले नव्हते.

आपल्या कार्यकर्त्याच्या मूळ लेखाची फौजदारी मुदत नोव्हेंबर २०२५ पर्यंत होती. ऑगस्ट ते नोव्हेंबर आम्ही दोघे दिवस मोजत होतो. फिर्याद आली नाही. त्या ओळीचा हिशेब अर्थातच निराळा आहे.

फिर्यादीविषयी एक गोष्ट नोंदवून ठेवा. नव्या संहितेच्या २२३ व्या कलमाप्रमाणे खाजगी फिर्यादीवर दखल घेण्यापूर्वी दंडाधिकाऱ्याने आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. जुन्या कायद्यात ही संधी नव्हती. तेव्हा अशी नोटीस आली तर घरी बसू नका; मुदतीचा मुद्दा मांडण्याची ती पहिली आणि सर्वांत स्वस्त जागा आहे.

मित्रहो, इथवर मी ज्या सुरात बोललो त्यावरून आपला समज होईल की मुदत जितकी आखूड तितके बरे. प्रश्न इतका सोपा असता तर मी अर्ध्या तासात आटोपले असते.

न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे प्रकरण आठवा. सप्टेंबर २००८ मध्ये एका इंग्रजी वृत्तवाहिनीने भविष्यनिर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत भलत्याच न्यायाधीशाऐवजी सावंतसाहेबांचे छायाचित्र काही सेकंद दाखवले. पुण्याच्या न्यायालयाने २०११ मध्ये त्यांना १०० कोटींची भरपाई मंजूर केली. त्या आकड्याविषयी मतभेद होऊ शकतात. मलाही तो फार मोठा वाटला, आणि उद्या तोच आकडा आपल्या अंगावर उलटेल असे मी तेव्हाही म्हणत होतो. पण अन्याय झाला होता याविषयी दुमत नाही. आणि सावंतसाहेब सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते. चूक त्यांना कळली, कायदा ठाऊक होता. त्यांच्या जागी आश्रमशाळेतील एखादी शिक्षिका आहे असे समजा. तिच्याविषयी कोणीतरी खोटे, घाणेरडे काही लिहून ठेवले आहे. तिला ते दोन वर्षांनी कळते, जेव्हा नोकरीच्या मुलाखतीत समितीतला एक जण मोबाईल पुढे सरकवतो. पहिल्या प्रसिद्धीचे वर्ष केव्हाच संपले आहे. एकाच प्रसिद्धीचा नियम तिला सांगतो, बाई, उशीर झाला. ज्या नियमाने आपला कार्यकर्ता वाचतो त्याच नियमाने ही शिक्षिका बुडते. कामगाराच्या बाजूने बोलणाऱ्या पक्षाने या बाईकडे पाठ फिरवून चालणार नाही.

म्हणून मी माझे मत स्पष्ट सांगतो. पक्षाने ते स्वीकारावे असा आग्रह नाही, पण चर्चा करावी. भरपाईचा दावा आणि दुरुस्तीचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. पैशाची मागणी पहिल्या प्रसिद्धीपासून एका वर्षात संपावी, आणि हे न्यायालयाच्या निकालावर न सोडता संसदेने कायद्यात लिहावे. मात्र, मजकूर उपलब्ध आहे तोपर्यंत त्यासोबत आपला खुलासा जोडून घेण्याचा, आणि न्यायालयात खोटा ठरलेला भाग दुरुस्त करून घेण्याचा हक्क मुदतीने मरू नये. स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने टीप घालण्याविषयी जे म्हटले त्याचा गाभा हाच आहे. शिवाय इंग्लंडच्या मुदत कायद्यात न्यायालयाला विशेष परिस्थितीत मुदत बाजूला ठेवण्याचा अधिकार आहे. तसा मर्यादित अधिकार आपल्याकडेही असावा; पण तो फक्त हाडामांसाच्या माणसासाठी, ज्याला मजकूर वेळेत कळणे शक्यच नव्हते. कंपन्यांना नको. ऑस्ट्रेलियात दहा किंवा अधिक नोकर असलेल्या नफेखोर कंपनीला बदनामीचा दावाच लावता येत नाही. कारखान्याच्या बाजूला वकील असतात, जाहिराती असतात, आणि आपल्या भागात तर वर्तमानपत्रही असते. त्याने खुलासा छापावा.

फौजदारी बदनामी मात्र रद्दच झाली पाहिजे. त्याची मुदत तीन वर्षे की एक, या वादात मला रस नाही.

मुदतीचा आणखी एक पैलू आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये पत्रकार प्रिया रमाणी यांनी सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीच्या लैंगिक छळाविषयी तत्कालीन केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांचे नाव घेतले. अकबरांची फौजदारी फिर्याद आठवड्याभरात दाखल झाली. तिथे मुदतीचा प्रश्नच नव्हता. प्रश्न टाकला गेला तो बोलणाऱ्या बाईला, की इतकी वर्षे गप्प का होतीस? १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या दंडाधिकाऱ्यांनी रमाणींना निर्दोष सोडताना सांगितले की, स्त्रीला आपली तक्रार काही दशकांनंतरही, तिला योग्य वाटेल त्या व्यासपीठावर मांडण्याचा हक्क आहे. अकबरांनी त्यावर अपील केले. परंतु तो निकाल वाचताना माझ्या मनात आले ते असे : सत्तावानाची अब्रू सात दिवसांत जागी होते आणि सत्ताहीनाची तक्रार तोंडावर यायला पंचवीस वर्षे लागतात. मुदतीचा विचार करताना आपण एकच घड्याळ सर्वांना लावतो.

आता कार्यकर्त्यांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी. दुसऱ्याचा मजकूर पुढे ढकलणे म्हणजे आपण काही लिहिले नाही, अशी समजूत सर्वत्र आहे. ती सोडा. ५ फेब्रुवारी २०२४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने अरविंद केजरीवाल यांच्या प्रकरणात, दुसऱ्याची चित्रफीत आपल्या खात्यावरून पुढे पाठवणे हीदेखील बदनामी होऊ शकते असे ठरवले, आणि त्यांनी नंतर सर्वोच्च न्यायालयात ती चूक झाली असे कबूल केले. म्हणजे मूळ लेखकाचे वर्ष संपलेले असेल आणि तुमचे आज सकाळी सुरू झालेले असेल. याचा अर्थ पुढे पाठवू नका असा नाही. कागद हाती असतील तर जरूर पाठवा. पण त्या दिवशी आपण नवा लेख लिहितो आहोत अशा जबाबदारीने पाठवा.

दुसरे, जुना लेख संकेतस्थळावर गुपचूप बदलू नका. एखादा आकडा चुकला असेल तर दुरुस्ती तारखेसह खाली जोडा. भीतीपोटी लेख पुसून टाकणे हाही उपाय नव्हे. पुसलेला लेख वादीच्या हातात कबुलीसारखा दिसतो आणि तुमच्या हातात पहिल्या प्रसिद्धीच्या तारखेचा पुरावा उरत नाही. कागद किमान तीन वर्षे जपा. हैदराबादच्या एका ॲस्बेस्टॉस कंपनीने २००८ सालच्या लेखांवरून फिर्याद केली. हे लेख ॲस्बेस्टॉसबंदीसाठी झटणाऱ्या एका कार्यकर्त्याने गूगलच्या एका गटावर लिहिले होते. त्यात गूगलने आपल्यावरील खटला रद्द व्हावा म्हणून केलेले अपील सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले ते डिसेंबर २०१९ मध्ये. अकरा वर्षे झाली आणि खटला तेव्हा कुठे सुरू होणार होता. तीन वर्षांची मुदत ही खटला सुरू करण्याची आहे, संपवण्याची नव्हे.

शेवटी आपल्या घरचा विषय. आपल्या साप्ताहिकाच्या जुन्या फायली संकेतस्थळावर चढवण्याचे काम तरुण मित्रांनी हाती घेतले आहे, ते फार चांगले आहे. त्या अंकांत आपल्या पूर्वसूरींनी कोणाकोणाला काय काय म्हटले आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्यांच्या लेखणीला कोणी मुदत घातली नव्हती. पन्नास वर्षांपूर्वी छापलेला लेख आज प्रथमच इंटरनेटवर आला तर ती जुनी प्रसिद्धी की नवी? दिल्लीच्या निकालातील 'अधिक मोठा वाचकवर्ग' हे शब्द समोर ठेवले तर वादीचा वकील नवी म्हणेल. ज्यांच्यावर लिहिले त्यांतील बरेच आज हयात नाहीत, आणि भरपाईचा दावा माणसाबरोबर संपतो. फौजदारी कलम मात्र, नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने मृताविषयी लिहिले तर, लागू होऊ शकते. आमचा हेतू इतिहास जपण्याचा आहे, हे दिसले पाहिजे. म्हणून प्रत्येक पानाच्या माथ्यावर मूळ अंकाची तारीख ठळक घाला, पान जसे होते तसे छायाचित्ररूपाने चढवा, त्यावर आजचे मथळे चिकटवू नका, आणि कोणाचा खुलासा आला तर तो त्याच पानाला जोडण्याची सोय आधीच करून ठेवा. पहिली खेप १९७७-७८ च्या अंकांची आहे असे मला सांगण्यात आले. ती चढवण्यापूर्वी एक दिवस मला दाखवा. मी चष्मा आणि मुदत कायदा, दोन्ही घेऊन येईन.